अजून एक प्रश्न

१

कोणीच बोलत नव्हतं.

वकील संघटनेच्या इमारतीत, तिसऱ्या मजल्यावरच्या लांबट खोलीत बारा जण बसले होते, आणि बाराही बचाव पक्षाचे वकील. ज्यांच्या एका वाक्यावर कुणाची तरी पाच वर्षं आत जाणार की बाहेर राहणार हे ठरतं, अशी माणसं. ती गप्प झाली की खोलीतल्या वस्तू बोलू लागतात. पंखा करकरत होता. खिडकीची एक काच सैल होती, ती वाऱ्याने थरथरत होती. आणि टेबलावरचा तपकिरी लखोटा मुकाट्याने सगळं सांगून टाकत होता. त्याच्यावरची लाखेची मोहर शाबूत होती. खालची कड मात्र पात्याने सरळ कापलेली होती.

लखोट्याशेजारी एक टंकलिखित कागद होता. त्याच्या मधोमध, वरपासून खालपर्यंत, घडीची रेघ.

“हा कागद तुमच्या फायलीत सापडला,” प्रशिक्षणाचे सचिव म्हणाले. ते तिच्याकडे न बघता कागदाकडे बघत होते.

ती उभी राहिली. उभं राहायला कोणी सांगितलं नव्हतं. आरोपी उभे राहतात, म्हणून ती राहिली असावी. गेली नऊ वर्षं ती अशा माणसांच्या शेजारी उभी राहत आली होती. त्यांच्या जागेवर उभं राहिल्यावर जमीन इतकी मऊ लागते, हे तिला आज कळत होतं.

“मी हा कागद आत्ता पहिल्यांदा पाहतेय,” ती म्हणाली.

“नियम तुम्हाला माहीत आहे. परीक्षेचा कागद ज्याने आधी पाहिला, त्याचे या वर्षाचे प्रशिक्षणाचे तास रद्द. तास नाहीत तर सनद स्थगित. पुढचं प्रशिक्षण तीन महिन्यांनी.”

तीन महिने. आणि तिचा खटला सोमवारी होता. छापखान्यात पुस्तकबांधणी करणारा एक कामगार, बनावट गुणपत्रिका छापल्याच्या आरोपाखाली चौदा महिने तुरुंगात होता. सोमवारी त्याच्या बाजूचा शेवटचा युक्तिवाद. आज शुक्रवार. दुसरा कोणी वकील दोन दिवसांत ती नऊशे पानं वाचून उभा राहील, ही आशा तिनेच काय, न्यायाधीशांनीही केली नसती.

“अहवाल आत्ताच पाठवतो,” सचिव म्हणाले.

“चार वाजता पाठवा,” कोपऱ्यातून आवाज आला. “आत्ता एक वाजून दहा मिनिटं झालीत. लखोटा माझा, परीक्षा माझी. तेव्हा हे पावणेतीन तासही माझेच.”

त्या बाई होत्या.

२

बाईंना सगळे नुसतंच ‘बाई’ म्हणत. त्यांनी चाळीस वर्षं फौजदारी बचाव केला होता, आणि आता निवृत्तीनंतर त्या दरवर्षी दोन दिवस उलटतपासणी शिकवायला येत. समोर कोणीही बोलत असलं तरी बाई पेन्सिलीला टोक काढत बसायच्या, छोट्या पात्याने, साल न तोडता. ते पातं सकाळपासून टेबलावर उघडं पडलं होतं. लखोटा कापायला आणखी कुठलं हत्यार शोधायची गरज नव्हती.

त्यांच्या परीक्षेची रीत दरवर्षी तीच. सकाळी नऊला सगळ्यांना एका काल्पनिक खटल्याची दोन पानांची फाइल मिळे. यंदा त्यात एक शिंपी साक्षीदार होता. संध्याकाळी पावणेआठला गल्लीतून पळणाऱ्या चोराचा चेहरा त्याने आपल्या खिडकीतून, चाळीस पावलांवरून पाहिला होता. सोबत वीज खात्याचं पत्र होतं: गल्लीतला दिवा आठ दिवस बंद. बस, एवढंच. अकरा ते बारा या तासात प्रत्येकाने उलटतपासणीचे दहा प्रश्न लिहून, सही करून बाईंकडे द्यायचे. मग जेवणानंतर मोहरबंद लखोटा सगळ्यांसमोर फुटायचा. आत त्याच साक्षीदाराचा पुरवणी जबाब. तो वाचला की कळायचं, आपल्या दहांपैकी किती प्रश्नांनी आपल्याच अशिलाचा गळा आवळला असता.

बाईंचा लखोटा हा पिढ्यान्‌पिढ्यांचा धसका होता. त्यात सापळा असायचाच.

सकाळी त्यांनी मोहरबंद लखोटा सगळ्यांना हातात देऊन दाखवला, सचिवांनी तो आपल्या खोलीतल्या कपाटात ठेवला. साडेदहाला चहाची सुट्टी. एकला लखोटा उघडायला घेतला तेव्हा तो आधीच उघडलेला होता आणि रिकामा होता. सगळ्यांच्या संमतीने फायली तपासल्या, आणि कागद तिच्या फायलीतून बाहेर आला.

बाईंनी तिला गच्चीकडच्या छोट्या खोलीत नेलं. तिथे मोडक्या खुर्च्या आणि जुन्या निवाड्यांचे गठ्ठे होते.

“बाई, मी हे केलेलं नाही.”

“मी विचारलं का?”

बाईंच्या पहिल्या वर्गातला पहिला धडाच तो होता: अशिलाला ‘तू केलंस का?’ असं कधी विचारायचं नाही. विचारलं तर उत्तर सांभाळावं लागतं, आणि बचाव करायचा असतो तो माणसाचा.

“तुला लोक काय म्हणतात?” बाईंनी विचारलं.

तिने मान खाली घातली. सगळ्या न्यायालयाला ते ठाऊक होतं. साक्षीदार पुरता चीत झालेला असला तरी ती ‘अजून एक प्रश्न, महाराज’ म्हणायची, आणि त्या एका प्रश्नात तो साक्षीदार पुन्हा उठून उभा राहायचा. म्हणून तिचं नाव पडलं होतं ‘अजून-एक’.

“मग आज प्रश्न विचार,” बाई म्हणाल्या. “सगळ्यांना. आणि कुठे थांबायचं ते आज तरी शीक. मी मध्ये पडणार नाही.”

“पण मला सुरुवात कुठून—”

“कागदापासून. माणसं नंतर.” बाई दारात वळल्या. “आणि स्वतःला एवढंच विचार, चोरलेलं कोणाच्या उपयोगी पडलं असतं, आणि कधी.”

३

सचिवांनी तिला खुर्ची दिली नाही.

ते का, हे तिला माहीत होतं. गेल्या वर्षी हजेरीच्या वहीत काही न आलेल्यांच्या सह्या होत्या, आणि तशी लेखी तक्रार तिने केली होती. त्यानंतर सचिवांना समितीपुढे खालमानेने उभं राहावं लागलं होतं.

“कपाटाची किल्ली कोणाकडे असते?”

“माझ्याकडे.”

“चहाच्या वेळीही?”

ते जरा चुळबुळले. “प्रमाणपत्रांचे गठ्ठे काढायचे होते. कपाट दहा मिनिटं उघडं असेल. पण मी दारातच होतो.”

“दारात कोणाशी बोलत होतात?”

“येणारा-जाणारा प्रत्येक जण बोलतो हो माझ्याशी. नाना आले होते, फोन चार्ज करायला लावायचा म्हणून. रावसाहेब आले, व्याख्यात्यांच्या वहीत सही करायला. स्टेनोताई टंकलेखनाचे कागद घेऊन आल्या. तुम्हीही आलात की! खिडकी कोणती उघडते ते विचारायला.”

खरं होतं. तुरुंगातल्या अशिलाच्या थोरल्या बहिणीचा फोन आला होता आणि खोलीत रेंज नव्हती. ती जिन्यावर जाऊन दहा मिनिटं बोलली होती. तेवढा वेळ तिची फाइल बाकावर उघडी होती.

“माझ्यावर संशय घ्यायचा असेल तर खुशाल घ्या,” सचिव एकदम म्हणाले. “तुमच्यामुळे माझी शोभा झाली, ते मी विसरलेलो नाही. पण कागदाला हात लावणारा माणूस मी नाही. वही बिघडवणारा होतो, तेही आळसाने.”

या कबुलीत इतका थकवा होता की तिला ती पटली.

नाना व्हरांड्यात भिंतीला टेकून केळं खात होते. साठीचे, गोल चेहऱ्याचे, सगळ्या बारचे विदूषक. पण गेली दोन वर्षं ते याच परीक्षेत नापास झाले होते, आणि तिसऱ्यांदा झाले तर त्यांचा काळा कोट खुंटीलाच राहणार होता.

“या, साक्षीदार हजर आहे,” ते म्हणाले. “शपथ केळ्यावर घेऊ का?”

“नाना, माझा जीव टांगणीला लागलाय.”

“माहीत आहे गं. म्हणून तर हसतोय. हसलो नाही तर रडू येईल. हे बघ, लखोटा फोडायची सगळ्यात जास्त गरज मला होती, हे तुलाही ठाऊक आणि मलाही. पण मी तो फोडला असता तर पास झालो नसतो का?”

“निकाल कुठे लागलाय अजून?”

“लागायला कशाला हवा? सचिवांनी तो कागद मोठ्याने वाचला तेव्हा माझा चेहरा नाही पाहिलास?” नाना केळ्याच्या सालीची नीट घडी घालत म्हणाले. “माझ्या दहापैकी चार प्रश्न त्या दिव्यावर होते. पहिला, दुसरा, पाचवा आणि नववा. दिवा बंद होता ना, मग दिसलं कसं? आणि कागदात काय निघालं? दिवा बंदच, पण समोर औषधांचं नवं दुकान त्याच दिवशी सुरू झालं, त्याच्या पाटीचा लख्ख उजेड गल्लीभर! चारही वेळा मी स्वतःच्याच पायावर धोंडा पाडून घेतला गं.”

ती जागच्या जागी थबकली. तिच्याही यादीत पहिला प्रश्न दिव्याचाच होता.

४

जिन्याच्या वळणावर रावसाहेब भेटले.

त्यांचा कोट नेहमी नुकताच इस्त्री केल्यासारखा असे, आणि आवाज बंद खोलीत ठेवलेल्या तंबोऱ्यासारखा. सकाळचं व्याख्यान त्यांचं होतं. कोटाच्या आतल्या खिशातून उभं दुमडलेलं टिपण काढून त्यांनी तासभर सगळ्यांना खिळवून ठेवलं होतं. “ज्या प्रश्नाचं उत्तर मला माहीत नाही,” ते म्हणाले होते, “असा एकही प्रश्न मी तीस वर्षांत साक्षीदाराला विचारलेला नाही.” टाळ्या पडल्या होत्या. तिनेही वाजवल्या होत्या. पण तासांचा नियम लहानमोठा बघत नाही, म्हणून व्याख्यान संपल्यावर रावसाहेबही इतरांसारखेच बाकावर बसून दहा प्रश्न लिहीत होते.

सोमवारच्या खटल्यात छापखान्याच्या मालकाचे वकील तेच होते. मालक जामिनावर बाहेर होता आणि त्याचं म्हणणं एकच: जे काही छापलं ते बांधणी करणाऱ्याने, माझ्या नकळत.

“फार वाईट वाटलं,” ते म्हणाले. “तुमच्या वयात माणसाकडून घाई होते.”

“मी घाई केलेली नाही, रावसाहेब.”

“नसेल केली. मी कुठे म्हणतो? सोमवारची काळजी करू नका. तुमच्या माणसासाठी न्यायालय वकील नेमेल. मी स्वतः विनंती करीन.” त्यांनी तिच्या खांद्याजवळच्या हवेवर थोपटल्यासारखं केलं. “सुटायचा असेल तर सुटेल तो.”

ते खाली गेले. त्यांच्या बुटांचा आवाज पायरी-पायरीने विरळ होत गेला.

फोन वाजला. अशिलाची थोरली बहीण. “ताई, सोमवारी घालायला याला कोणता शर्ट देऊ? निळा की पांढरा? फाटकावरचा शिपाई म्हणतोय आजच द्या, उद्या घेणार नाही.”

शर्ट. चौदा महिन्यांनी एका माणसाने लोकांसमोर यायचं, आणि त्याची बहीण दोन शर्ट हातात घेऊन कुठेतरी फाटकापाशी उभी आहे.

“पांढरा,” ती म्हणाली. “कडक इस्त्रीचा.”

फोन ठेवल्यावर तिने घड्याळ पाहिलं. अडीच.

चोरलेलं कोणाच्या उपयोगी पडलं असतं, आणि कधी? बाईंचं वाक्य तिच्या मनात संथ पाण्यातल्या खड्यासारखं तळाला जाऊन बसलं होतं. आता ते अचानक चमकलं. कागदाचा उपयोग एकाच तासात होता, अकरा ते बारा. त्यानंतर तो वाचून काय करायचं? आणि त्याआधी ज्याने वाचला, तो दिव्याबद्दल विचारील?

ती धावतच वर गेली.

“बाई, बारा वाजता गोळा केलेल्या याद्या कुठे आहेत?”

बाईंनी पेन्सिलीचं साल फुंकून उडवलं आणि पिशवीतून बारा कागदांची चळत काढली. दोऱ्याने बांधलेली, गाठीवर स्टेनोताईंची सही आणि वेळ: बारा वाजून दोन मिनिटं.

“मला वाटलं होतं, दीडलाच मागशील,” बाई म्हणाल्या.

५

स्टेनोताईंनी चष्मा पुसला आणि गाठ सोडताना त्या शेजारी बसून राहिल्या. “माझ्या समोरच बघा,” त्या म्हणाल्या. “नाहीतर उद्या म्हणतील, गाठ कोणी सोडली.” तीस वर्षं न्यायालयात दुसऱ्यांचे शब्द टिपून घेणाऱ्या माणसाकडून आलेला तो सल्ला तिने मुकाट्याने ऐकला.

तिने याद्या एकेक करून उलट्या ठेवायला सुरुवात केली. नानांची यादी: दिवा, दिवा, दिवा, दिवा. तिची स्वतःची: पहिलाच प्रश्न, ‘गल्लीतला दिवा बंद होता हे खरं का?’ तिसरी यादी, दिवा. चौथी, पाचवी, सहावी. प्रत्येक जण त्याच खड्ड्याकडे छाती पुढे काढून चालत गेलेला. त्यात एक विचित्र दिलासा होता. एवढी शहाणी माणसं मिळून एका बंद दिव्याखाली अडखळली होती, आणि ती त्यांच्यातलीच एक होती.

“कागद मी आधी वाचला असता,” ती सावकाश म्हणाली, “तर हा प्रश्न मी लिहिलाच नसता. आणि याद्या दिल्यावर वाचायला मी कपाट कशाला फोडीन?”

“हं,” बाई म्हणाल्या. “हा झाला तुझा बचाव. चांगला आहे. पण सचिव म्हणतील, दोष तुझा नसेल तर कोणाचा?”

तिने पुढची यादी उलटली. पुढची. दिवा, दिवा.

मग एका यादीवर तिचा हात थांबला.

अक्षर सुंदर होतं, मोत्यासारखं. दहा प्रश्न. एकाही प्रश्नात दिवा नव्हता. पण त्याहून काहीतरी अधिक होतं. तिने दोन पानांची मूळ फाइल पुन्हा उघडली, ओळ अन् ओळ बोट ठेवून वाचली, बंद केली. मग त्या यादीतल्या सातव्या ओळीकडे पुन्हा पाहिलं, आणि खालची सही दोनदा वाचली.

“बाई.”

“मला सांगू नकोस.” बाईंनी हात वर केला. “मी इथे शिकवायला आले आहे. परीक्षा फुटली, म्हणजे आज सगळेच कोरडे राहणार. तेव्हा परीक्षेचा विषय बदलू या. कोणाला साक्षीदार म्हणून बोलावतेस?”

६

तीन वाजून वीस मिनिटांनी सगळे पुन्हा त्या लांबट खोलीत जमले. सचिवांना बाईंनी न्यायाधीशाच्या जागी बसवलं. नानांनी पट्टेवाल्याच्या सुरात नाव पुकारलं, आणि रावसाहेब मंद हसत पुढच्या खुर्चीत येऊन बसले. स्वतःच्या कलेचं प्रात्यक्षिक द्यायला आलेल्या माणसासारखे.

ती उभी राहिली. तिने टाचा जमिनीत रोवल्या.

“सकाळचं व्याख्यान तुम्ही टिपणावरून दिलंत?”

“हो.”

“ते टिपण दाखवता?”

त्यांनी आतल्या खिशातून ते काढून टेबलावर ठेवलं.

“याला उभी घडी आहे.”

“आडवी घडी कोटाच्या खिशात मावत नाही, ताई. आम्हा जुन्या लोकांची सवय.”

“माझ्या फायलीत सापडलेल्या कागदालाही उभी घडी आहे.”

“असेल. या खोलीत कोट घातलेली सात माणसं मला दिसतायत.”

हशा झाला. तिने तो संपू दिला. टिपण आणि कागद तिने शेजारीशेजारी ठेवले, आणि त्याबद्दल पुन्हा एक शब्दही काढला नाही.

“सकाळी तुम्ही एक नियम सांगितलात. उत्तर माहीत नसलेला प्रश्न विचारायचा नाही.”

“तीस वर्षं पाळलाय तो.”

“एकदाही मोडला नाही?”

“एकदाही नाही.”

“आजच्या यादीतसुद्धा?”

“माझ्या दहाही प्रश्नांची उत्तरं मला ठाऊक होती,” रावसाहेब म्हणाले, आणि मागे कोणीतरी टाळी वाजवली. “म्हणून तर ते प्रश्न होते. बाकीच्यांचे नुसते अंदाज.”

“यादी तुम्ही किती वाजता दिलीत?”

“बाराला पाच कमी. सगळ्यांच्या आधी.”

“तेव्हा तुमच्याजवळ कोणते कागद होते?”

“तुमच्याजवळ होते तेच. दोन पानांची फाइल.”

“दुसरं काही?”

“दुसरं कुठून येणार?”

खिडकीची काच थरथरली. टेबलावरची मोत्यासारख्या अक्षरातली यादी उचलून तिने त्यांच्या हातात दिली.

“सातवा प्रश्न वाचाल?”

त्यांनी चष्मा लावला. “‘औषधांचं दुकान…’” आवाज तिथेच बुडाला.

“पूर्ण वाचा, रावसाहेब.”

“‘औषधांचं दुकान साडेसातला बंद झाल्यावर, पावणेआठला तुम्हाला चेहरा कशाच्या उजेडात दिसला?’”

खोलीत कोणीतरी श्वास आत ओढला. प्रश्न अप्रतिम होता. दिव्याचा सापळा तो टाळत होताच, शिवाय पुरवणी जबाबातली एकमेव फट हुडकून तीत पाचर मारत होता. दुकान साडेसातला बंद झाल्याचं जबाबाच्या शेवटच्या ओळीत होतं. असा प्रश्न सगळ्या बारमध्ये एकच माणूस लिहू शकला असता.

“ही घ्या ती दोन पानं,” ती म्हणाली. “यात औषधांचं दुकान कुठे आहे, ते दाखवा.”

रावसाहेबांनी पहिलं पान पाहिलं. दुसरं पाहिलं. वीज खात्याचं पत्र उलटून त्याची कोरी पाठ पाहिली. मग पुन्हा पहिलं पान. कागद फडफडण्याखेरीज कुठलाही आवाज नव्हता, आणि त्या आवाजात बाकीची सगळी माणसं एका माणसाला एकटं पडताना पाहत होती. दुकान नव्हतं. दोन पानांत शिंपी होता, खिडकी होती, बंद दिवा होता, काळोख होता. दुकान नव्हतं.

तिच्या ओठांवर शब्द आले. तेच जुने, ओळखीचे, घातकी शब्द. अजून एक प्रश्न. मग तुम्हाला दुकान कळलं कसं? विचारलं असतं तर त्यांनी काहीतरी सांगितलं असतं. प्रत्येक गल्लीत एखादं दुकान असतं, ऐकीव, अंदाज, अनुभव. एवढ्याशा फटीतून तो माणूस उठून उभा राहिला असता. तिने बाईंकडे पाहिलं. बाई पेन्सिलीला टोक काढत होत्या, साल न तोडता.

तिने तो प्रश्न गिळला.

“मला आणखी काही विचारायचं नाही,” ती म्हणाली, आणि खाली बसली.

७

शांतता झाली. पण दुपारची ती नव्हे. ही शांतता तिच्या बाजूची होती.

रावसाहेबांनी यादी टेबलावर ठेवली. “हा… हे पाहा…”

“उत्तर देऊ नका हो, रावसाहेब!” मागून नाना ओरडले. “गप्प राहण्याचा हक्क आहे तुम्हाला. फुकट घालवू नका!”

खोली हसून फुटली. सैल काचसुद्धा हसल्यासारखी खडखडली. टाळ्या सुरू केल्या त्या स्टेनोताईंनी, आणि त्यांनी तीस वर्षांत न्यायालयात कधी टाळी वाजवली नव्हती.

“पण एक मला कळत नाही,” सचिव कपाळाला आठ्या घालून म्हणाले. “रावसाहेबांना जर तुमच्या फायलीत कागद टाकून फक्त तुम्हाला अडकवायचं होतं, तर तोच प्रश्न स्वतःच्या यादीत का लिहावा? दिव्याचा लिहायचा, सगळ्यांसारखा!”

बाईंनी पेन्सिल ठेवली. “लखोटा फुटलेला सापडला की परीक्षा रद्द होणार, मग याद्या कोण वाचणार? तो हिशोब बरोबर होता. आणि तरीही दुसरा कोणी असता तर सावधपणाने दिवाच लिहिला असता. पण एकदा वाचल्यावर सापळा कुठे आहे हे यांना दिसत होतं. आणि आपल्या सहीखाली मूर्खाचा प्रश्न लिहायला यांचा हात तयार झाला नाही. ही चूक चांगल्या वकिलाच्याच हातून होते.” त्या रावसाहेबांकडे वळल्या. “सोमवारी ही उभी राहिली नसती, तर सगळा दोष त्या बांधणी करणाऱ्याच्या गळ्यात घालायला तुम्हाला रान मोकळं होतं. बरोबर ना?”

रावसाहेब उठले. टिपण उभं दुमडून त्यांनी खिशात ठेवायला घेतलं, मग ते तसंच टेबलावर सोडलं.

“सातवा प्रश्न चांगला होता,” ते म्हणाले.

“उत्तम होता,” बाई म्हणाल्या. “म्हणून तर ओळखू आला.”

चार वाजता अहवाल गेला. त्यात एकच नाव होतं, आणि ते तिचं नव्हतं. तिची परीक्षा तर सगळ्यांसमोर झालीच होती, म्हणून तिच्या तासांपुढे सचिवांनी स्वतःच्या हाताने ‘पूर्ण’ लिहिलं, आणि वही तिच्यासमोर धरून म्हणाले, “तपासून घ्या. या वेळी सही खरी आहे.” नानांसह बाकीच्यांना बाईंनी पुढच्या शनिवारी नवा लखोटा देण्याचं कबूल केलं. नाना म्हणाले, त्या दिवशी ते घरून विजेरी घेऊन येतील, गल्लीत दिवा असो वा नसो.

जिन्यावर जाऊन तिने फोन लावला. पलीकडे फाटकाचा, गर्दीचा, मोटारींचा आवाज होता.

“शर्ट घेतला त्यांनी,” अशिलाची बहीण धापा टाकत म्हणाली. “पांढराच दिला. ताई, तुम्ही याल ना सोमवारी? इथे कोणी तरी म्हणत होतं, वकील बदलणार म्हणून.”

“मीच येणार,” ती म्हणाली. आवाज इतका ठाम निघाला की तिचा तिलाच तो नवा वाटला. “मीच उभी राहणार, आणि मला ठाऊक आहे कुठे थांबायचं ते.”

खिडकीतून उतरतं ऊन पायऱ्यांवर पसरलं होतं. नऊ वर्षांत इतकं हलकं तिला कधी वाटलं नव्हतं. नऊशे पानं घरी टेबलावर वाट पाहत होती, आणि तिला ती आत्ता, याच क्षणी उघडायची होती.

वरून बाई उतरत आल्या. खांद्याला कापडी पिशवी, हातात ती पेन्सिल, टोक सुईसारखं.

“चांगली थांबलीस,” त्या म्हणाल्या. बाईंच्या तोंडून एवढं निघणं म्हणजे इतरांचे हारतुरे.

“बाई.”

“हं?”

“अजून एक प्रश्न.”

बाई थांबल्या. त्यांच्या भुवया किंचित वर गेल्या.

“दुपारी तुम्ही मला चार वाजेपर्यंतचा वेळ मिळवून दिलात. तेव्हा याद्या उघडल्या नव्हत्या. कागद माझ्या फायलीत होता. तुम्हाला ठाऊक काहीच नव्हतं.” तिने श्वास घेतला. “तेव्हा तुम्हाला वाटलं होतं का, की मी हे केलेलं नाही?”

बाईंनी तिच्याकडे पाहिलं. मग पेन्सिल पिशवीत ठेवली, पिशवीचा बंद खांद्यावर नीट ओढला, कठड्याला हात लावला, आणि एकेक पायरी जपून ठेवत खाली उतरून गेल्या.